चार नंबरचा पट्टा

"जेवताना बुरशीचं बोलायचं न्हाई," अप्पा म्हणाले आणि मी पुढे केलेला रिपोर्ट न वाचताच त्यांनी ताटाखाली सारला.

"मग केव्हा बोलायचं? उद्या सकाळी तुम्ही अस्मिताला अ‍ॅम्बुलन्समध्ये घालणार आहात."

"त्येच की. बुरशी झालेले पेशंट मोठ्या ठिकाणी पाठवालोय. तुझंच ऐकालोय न्हवं का?"

अप्पा म्हणजे माझे सासरे, डॉक्टर हेब्बाळे. सीमेवरच्या आमच्या गावात ते सायकलवर बॅग अडकवून आले आणि त्यांनी हॉस्पिटल उभं केलं. खाली हॉस्पिटल, वर आमचं घर. तालुक्यात अतिदक्षता विभाग म्हणावा असा तो एकच. त्यामुळे अप्पांचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे आणि घरात तर तो वरच्या वर झेलला जाई. माझा नवरा विरूपाक्ष हाडांचा डॉक्टर. दुसऱ्यांची हाडं तो झकास जोडतो, पण घरात वाजायला लागलं की त्याला हमखास एखादं फ्रॅक्चर आठवतं. त्या दुपारीही आमटी संपवून तो उठलाच.

राहिले मी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. डी. केलंय, पण म्हणजे नक्की काय केलंय, ते लग्नाला सहा-सात वर्षं होऊनही या घराला उमगलं नव्हतं. सासूबाई, म्हणजे अव्वा, शेजारणींना सांगायच्या, "आमची गिरिजा दुर्बिणीतनं बगती." अप्पांच्या लेखी जो नाडी बघत नाही तो डॉक्टर अर्धाच.

"अप्पा, तिकडे सांगून पाठवणार आहात का?" मी विचारलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "सांगितल्यावर कोण घेतंय?"

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. तीन पेशंट चोरून पुढे ढकलायचे होते.

ही बुरशी भाकरीवर येते तसली नव्हती. हिचं नाव कॅन्डिडा ऑरिस. ही माणसाच्या कातडीवर गपचूप बसते, खाटेच्या कठड्यावर, चादरीवर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जगते. आमच्या फिनेलला ती भीक घालत नाही. धडधाकट माणसाला ती काही करत नाही. पण ज्याच्या शिरेत नळी आहे, तोंडात नळी आहे, अशा माणसाच्या रक्तात शिरली की तीन जातींच्या औषधांपैकी दोन तिला पाणी वाटतात. उरतं एक. तेही चाललं तर चाललं. आमच्या प्रयोगशाळेतलं मशीन तिचं नाव दरवेळी भलतंच सांगायचं, म्हणून मी नमुने पुण्याला पाठवले होते. तो रिपोर्ट आता अप्पांच्या ताटाखाली होता.

ती आमच्याकडे आणली दाजीबा पोवारांनी. बिचाऱ्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पक्षाघात झालेले हे आजोबा शहरातल्या एका बड्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आले ते दसऱ्याच्या आधी. बरोबरच्या कागदांवर सगळं छान छान लिहिलेलं. मला त्यांच्या लघवीत काहीतरी खटकलं, म्हणून मी हट्टाने त्यांना चार नंबरच्या काचेच्या खोलीत एकटं ठेवायला लावलं. त्यांचा थर्मामीटर, त्यांचा रक्तदाबाचा पट्टा, त्यांचा स्टेथोस्कोप सगळं वेगळं आणि सगळ्याला पिवळी चिकटपट्टी. "मॅडमची हळद," म्हणून स्टाफ हसायचा. हसू देत. चार नंबरातली वस्तू चार नंबरातच राहायची, एवढं मी पाठ करून घेतलं होतं.

आणि तरी दसऱ्यानंतर त्या खोलीबाहेरच्या, अतिदक्षता विभागाच्याच हॉलमध्ये दोघांना ती झाली. एक मुल्लाणी चाचा. दुसरी अस्मिता, बाळंतपणात झटके आलेली तेवीस-चोवीस वर्षांची पोर. चांगली शुद्धीवर येत होती, आता नळी काढू म्हणत होतो, तोच ताप चढला. तिचं तान्हं बाळ आजीकडे घरी होतं आणि अस्मिताचा बाप, एसटी ड्रायव्हर निवृत्ती गुरव, रजा टाकून आमच्या जिन्याखाली सतरंजी पसरून राहिला होता.

"ज्यांनी दाजीबांना न सांगता आपल्या गळ्यात घातलं, त्यांना तुम्ही इथेच बसून शिव्या घातल्यात," मी म्हणाले. "आता आपणही तेच करायचं?"

"जग असंच चालतंय, गिरिजा. गावात बोभाटा झाला तर उद्या हितं कुत्रंबी फिरकायचं न्हाई. चाळीस वर्सांचं नाव हाय हे."

"आणि वाटेत अस्मिताला काही झालं तर?"

"अव्वा, ताक वाढ," अप्पा म्हणाले. म्हणजे विषय संपला.

अव्वांनी ताक वाढलं.

मी तणतणत खाली आले. पोरीला हलवलं तर ती रस्त्यात जाण्याची भीती आणि पोचली तर तिच्या शेजारच्या खाटेवर आणखी कोणाची तरी पोर असणार. अप्पांना अडवायचं तर माझ्याकडे एक गोष्ट हवी होती. ही बया चार नंबरातून बाहेर आली कशी? ते कळलं असतं तर इथेच तिची वाट बुजवता आली असती आणि मग पेशंट हलवायचं कारणच उरलं नसतं. गेले कित्येक दिवस मी कापसाच्या काड्या घेऊन खाटा, कठडे, नळ, दाराच्या मुठी पुसत फिरत होते. हॉलमधल्या रक्तदाबाच्या पट्ट्यांवर ती सापडली होती. अस्मिताच्या पट्ट्यावर, चाचांच्या पट्ट्यावर, रिकाम्या खाटेच्या पट्ट्यावरसुद्धा. पण चार नंबरातलं काही बाहेर आलंच नाही, असं जो तो शपथेवर सांगत होता.

चार नंबरात गेले. दाजीबा डोळे मिटून पडले होते. त्यांच्या दंडाचा पट्टा मी सोडला, आणि ती खरखरीत पट्टी असते ना, चर्रर्र करून सुटणारी, तिच्या काट्यांमध्ये मला पांढरं काहीतरी दिसलं.

"मार्था सिस्टर, आजोबांना पावडर लावता का?"

मार्था रणभिसे आमच्या अतिदक्षता विभागाच्या मुख्य सिस्टर. मिरजेत शिकलेल्या, शिस्तीला एकदम कडक. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"मला विचारू नका, मॅडम."

"मग काय आजोबांना विचारू?"

मार्था सिस्टर सलाइनची नळी उगीचच सारखी करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "विभूती आहे ती."

मला आधी अर्थबोधच झाला नाही. मग एकदम झाला आणि मी स्टुलावर बसले.

खंडेनवमी!

आमच्या घरची ही रीत अप्पांनी पहिला स्टेथोस्कोप घेतला तेव्हापासूनची. अव्वा एरवी जिना उतरून हॉस्पिटलात पाऊल टाकत नाहीत. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, त्या खाली येतात. दर्शनी हॉलमध्ये टेबल मांडून त्यावर खण अंथरतात आणि हॉस्पिटलातलं एकूण एक अवजार तिथे येतं. कात्र्या, चिमटे, थर्मामीटर, हाडं कापायची करवत, सगळं. अव्वा स्वतःच्या हाताने प्रत्येक वस्तू पुसतात, तीन बोटांनी विभूती ओढतात, वर झेंडू. एकही अवजार वगळायचं नाही, कारण वगळलेलं अवजार वर्षभर रुसून बसतं. लग्नानंतर मला ही रीत फार आवडली होती. त्या नवरात्रात मात्र मी सोलापूरला माहेरी होते.

"अव्वांनी विचारलं, चार नंबरचं कुठाय?" मार्था सिस्टर सांगू लागल्या. "मी म्हटलं, मॅडमनी तिथलं काही बाहेर काढायचं नाही असं बजावलंय. तर म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला कोण न्हाई हितं, त्येचीच आवजारं रुसून कसं चालंल? आणि स्वतः आत जाऊन घेऊन आल्या."

"आणि पुसलं कशानं?"

"घागरीत भिजवलेला पंचा होता."

"एकच?"

"एकच. आधी आजोबांचं पुसलं, मग बाकीचं."

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना. मी पिवळ्या पट्ट्या चिकटवत बसले आणि इकडे ओल्या फडक्याने तालुक्यातल्या एकमेव अतिदक्षता विभागाला, पट्ट्यापट्ट्याला, बुरशीचा प्रसाद वाटला गेला होता. तोही मनोभावे.

"सिस्टर, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"माझे मिस्टर आजारी होते, तेव्हा अव्वांनी रोज दोन्ही वेळचा डबा पाठवला. ख्रिसमसला माझ्या पोरांना कपडे करतात त्या. त्यांचं नाव मी कोणत्या तोंडानं घेऊ?" त्यांचे डोळे भरून आले.

सिस्टरांवर मला रागवताच आलं नाही. राग होता तो सगळा आता जिना चढून वर निघाला.

अव्वा स्वयंपाकघरात चकलीची भाजणी भाजत होत्या. दिवाळी तोंडावर आलेली, घरभर खमंग वास. ओट्याशी उभ्या असलेल्या त्या ठेंगण्या बाईकडे पाहिलं आणि माझा निम्मा राग तिथेच गळाला. पण निम्मा पुरेसा होता. मी सगळं सांगितलं. पट्टा, विभूती, पंचा, अस्मिताचा ताप. मऊ शब्द शोधत बसले नाही.

अव्वांचा कालथा थांबला.

"म्हंजे त्या पोरीला माज्यामुळं झालं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, अव्वा."

"बुरशीचं म्हाईत न्हवतं, हे खरं. पर मार्था नको म्हणालती. तू नको म्हणून सांगून गेलतीस. त्ये तर म्हाईत हुतं की." त्यांनी गॅस बंद केला. "ह्यास्नी सांगितलीस?"

"नाही. सांगितलं तर अप्पा आणखीच झाकायला बघतील. आधी हॉस्पिटलचं नाव होतं, आता बायकोचंही."

भाजणी खाली लागली होती, करपल्याचा वास येऊ लागला होता. मी वाट बघितली. काहीतरी बोलतील, अप्पांना समजावते म्हणतील, निदान रडतील. पण त्यांनी कढई उतरवली, करपलेलं पीठ बाजूला काढलं आणि म्हणाल्या, "जा, पेशंट बग जा."

खरं सांगते, मी मनातून फार खट्टू झाले. म्हटलं, झालं. कितीही मायाळू असली तरी शेवटी अप्पांची बायको. घराण्याची अब्रू कोणाला सोडवते?

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅम्बुलन्स दारात उभी राहिली. दर्शनी हॉलमध्ये नातेवाईक जमले होते. निवृत्ती गुरव, मुल्लाणी चाचांचा मुलगा, दाजीबांचा पुतण्या आणि त्यांच्याबरोबर निम्मं गाव. आमच्याकडे एका पेशंटबरोबर दहा माणसं येतात. अप्पा पांढरा कोट घालून पायरीवर उभे होते. ते कोट घालतात तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे.

"आपल्याकडं जेवढं होण्यासारखं हुतं तेवढं केलं," ते सांगत होते. "आता वरच्या ठिकाणी न्यायला पायजे. तिथं मशिनरी चांगली हाय. मी चिठ्ठी दिल्या."

"चिठ्ठीत काय लिहिलंय, अप्पा?" मी विचारलं.

अप्पांना असं चारचौघांत कोणी कधी विचारलं नव्हतं. सुनेने तर नाहीच नाही.

"गिरिजा, आत जा."

"नाही जाणार. या तिघांना औषधांना दाद न देणारी बुरशी झालीय, हे चिठ्ठीत लिहिलंय का?"

कुजबुज सुरू झाली. निवृत्ती गुरव पुढे आला. उंचापुरा माणूस, पण रजेच्या त्या दिवसांत निम्मा झाला होता. "कसली बुरशी? आमाला तर नुसता ताप म्हणून सांगितलंय."

"मी सांगतो," अप्पा घाईने म्हणाले. "ते पोवार हायत न्हवं, त्यांच्यासंगट शहरातनं आल्या ती. आपला काय दोष न्हाई. तिकडचीच घाण हाय, आपण तिकडंच..."

"पुरे करा."

आवाज जिन्यातून आला. अव्वा खाली येत होत्या. अंगावर घरातलंच लुगडं, हाताला पीठ. वर्षातून एकदाच हॉस्पिटलात उतरणारी बाई भलत्याच दिवशी उतरताना बघून गर्दीने आपोआप वाट दिली.

"अगं, तू कशाला आलीस खाली?" अप्पा म्हणाले. "वर जा बगू."

अव्वा त्यांच्यापाशी थांबल्याच नाहीत. सरळ निवृत्तीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीपर्यंत जेमतेम येत होत्या.

"बुरशी शहरातनं आली, हे खरं हाय. पर माज्या सुनंनं तिला चार नंबरात कोंडून ठेवलती. तितनं ती मी भायेर काढली. खंडेनवमीला. सिस्टर नको म्हणत हुती, मी ऐकलं न्हाई. म्हाताऱ्याची आवजारं पुसली आणि त्याच फडक्यानं बाकीची पुसली. तुज्या पोरीच्या दंडाला बांधत्यात त्यो पट्टाबी म्याच पुसला." त्यांचा श्वास कमी पडला, पण त्या थांबल्या नाहीत. "सिस्टरांची चूक न्हाई. सुनंची न्हाई. तुला काय बोलायचं त्ये मला बोल."

पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. मला माझ्या सासूचा इतका अभिमान वाटला, की पुढे काय बोलायचं ठरवून आले होते तेच मी विसरले. आदल्या दिवशी मी हिला काय समजले होते!

निवृत्तीचा बांध फुटला.

"देवाचं नाव घिऊन माजी पोरगी मारायला निघालासा व्हय? तिचं लेकरू अजून आईच्या अंगावर प्यालं न्हाई ओ! काय केलतं तिनं तुमचं?"

"काय न्हाई केलं," अव्वा म्हणाल्या.

"आणि आता गुमान पाठवून द्यालायसा!"

"त्येच सांगायला आलो मी. गुमान पाठवू नये म्हणून."

गर्दीतून कोणीतरी पोलिसांचं नाव काढलं. कोणीतरी "फोडा रे काचा" म्हणालं. मार्था सिस्टर धावत येऊन अव्वांच्या बाजूला उभ्या राहिल्या. अप्पा मात्र पायरीवरून हलले नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. चाळीस वर्षं ज्या बाईने त्यांच्या शब्दापुढे शब्द काढला नाही, ती भर हॉलमध्ये त्यांचं वाक्य खोडून उभी होती.

निवृत्ती माझ्याकडे वळला. "बाई, तुमी सांगा. खरं सांगा. तिकडं नेली तर वाचंल?"

आता मला माझे शब्द सापडले. "औषध तिकडेही हेच. ते मी मागवलंय, दुपारपर्यंत येईल. इथे जगेल याची खात्री मी देत नाही. पण आज तिला मशीनवरून काढून रस्त्याने न्यायची म्हणजे मोठा धोका आहे. आणि न सांगता नेलीत, तर तिथे तिच्या शेजारी जी कोणी असेल, तिलाही हे होईल."

"आणि सांगून नेली तर?"

"घेतील की नाही सांगता येत नाही."

तो दाराबाहेर बघत राहिला. अ‍ॅम्बुलन्सचा ड्रायव्हर बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. निवृत्तीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गाडीचा ब्रेक लागत नसला," तो शेवटी म्हणाला, "तर डेपोत गाडी लावताना आमी पयलं त्येच सांगताव. न सांगता दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची म्हंजे खून हाय त्यो. मी आजवर दिलेली न्हाई. पोरगी हितंच ऱ्हाऊ दे. पर बाई, तुमी हलायचं न्हाई तिच्यापासनं."

"नाही हलणार," मी म्हणाले.

मुल्लाणी चाचांचा मुलगा आणि दाजीबांचा पुतण्या एकमेकांकडे बघत होते. मुल्लाणींचा मुलगा म्हणाला, "मग आमीबी थांबतो." पुतण्याने मान हलवली.

सगळ्यांच्या नजरा अप्पांकडे गेल्या. ते हळूहळू पायरी उतरले, दारापाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी परत ने." मग तिथेच उभं राहून त्यांनी अंगातला कोट काढला, घडी केली आणि माझ्यापुढे येऊन विचारलं, "आता काय काय करायचं, सांग."

त्यांनी मला तसं कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना सांगत गेले आणि ते ऐकत गेले. अतिदक्षता विभागात नवा पेशंट घ्यायचा नाही. फिनेल बंद, क्लोरीनच्या पाण्याने जमिनीपासून छतापर्यंत पुसायचं. जुने पट्टे जाळायचे, प्रत्येक खाटेला नवा. दारावर फळा लावायचा आणि त्यावर खरं कारण लिहायचं. फळ्यापाशी ते जरा अडखळले. पण संध्याकाळी पाहिलं तर खडूने लिहिलेलं अक्षर त्यांचंच होतं.

ती दिवाळी आमच्या हॉस्पिटलात काळीच गेली. गावात आम्हाला "बुरशीचा दवाखाना" असं नाव पडलं. बाह्यरुग्ण विभागातली बाकडी ओस पडली. अव्वांना देवळात बायका सरकून जागा देईनाशा झाल्या, पण त्यांनी देवळात जाणं सोडलं नाही. "बगू देत, मी काय चोरी करून लपवली न्हाई," म्हणायच्या. विरूपाक्षसुद्धा बाह्या सरसावून क्लोरीनच्या बादल्या उचलायला आला आणि त्या महिन्यात त्याला एकही फ्रॅक्चर आठवलं नाही.

दाजीबा गेले. पक्षाघाताने खंगलेले होतेच, पण त्यात बुरशीचाही वाटा होता आणि मी तो मृत्यूच्या दाखल्यात लिहिला. लिहिताना अप्पा शेजारी होते. त्यांनी वाचलं, पुतण्याला बोलावून त्यालाही वाचून दाखवलं आणि सही केली. मग फोन उचलून त्यांनी शहरातल्या त्या हॉस्पिटलच्या बड्या डॉक्टरांना असा काही सीमाभागी प्रसाद दिला, की मार्था सिस्टर कान झाकून बाहेर गेल्या. "आमी लपवलं न्हाई, तुमी का लपवलासा?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. आदल्या महिन्यात हाच माणूस चिठ्ठ्या लिहीत होता, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. मुल्लाणी चाचा हळूहळू सुधारले. आजही आमच्याकडून कोणी पेशंट दुसरीकडे जायचा असेल, तर कागदाच्या आधी फोन जातो. आता पलीकडूनही येतो. सगळेच करतात असं नाही, पण करतात.

अस्मिताने मात्र आम्हाला रडकुंडीला आणलं. औषध सुरू झाल्यावरही ताप हटेना. शिरेतली जुनी नळी काढली, नवी दुसऱ्या बाजूला घातली, रोज रक्त बघत होते आणि रोज ती सटवी रक्तात दिसत होती. मी घर सोडून तिच्याच आसपास राहिले. आणि मग एका सकाळी काचपट्टी उलटसुलट करून पाहिली, तर बुरशीचा मागमूस नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. नव्हता. निवृत्तीला सांगायला जिन्याखाली गेले, तर त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि सतरंजीवर बसून तो लहान पोरासारखा रडला.

ती घरी जायची, त्या दिवशी तिची आई बाळाला घेऊन आली. गुबगुबीत, डोक्यावर जावळ, गालाला काजळाचं बोट. अस्मिता बाकावर बसली होती. अशक्त, पण स्वतःच्या बळावर. लेकराला पहिल्यांदा नीट मांडीवर घेऊन ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. निवृत्ती इकडेतिकडे पाहत म्हणाला, "अव्वा कुटं हायत? बोलवा की त्यास्नी."

अव्वा आल्या त्या भीत भीतच. त्या दिवसानंतर निवृत्ती त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने लेकीच्या मांडीवरून बाळ उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या."

अव्वांनी हात पुढे केले आणि झटकन मागे घेतले. वळल्या आणि भिंतीकडच्या नळाशी गेल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, साबण घेतला आणि हात धुवायला लागल्या. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. धुतच राहिल्या. बाळ कंटाळून रडायला लागलं. हॉलमधले सगळे बघत होते.

"पुरे की ओ अव्वा," निवृत्तीला हसू आलं. "देवाला शिवायचंय काय?"

"गप ऱ्हा जरा," अव्वा मागे न बघता म्हणाल्या. "आमच्यात डॉक्टर सून हाय. तिनं सांगितल्यात तसंच हुयाला पायजे."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मागे नळाचं पाणी वाहत होतं, बाळ भोकाड पसरत होतं, आणि अव्वा अजून नखंच घासत होत्या.